फेरीवाल्यांना छप्पर देणारे शहर

सिंगापूरहून परतलेल्या मराठी पर्यटकाला तेथे काय पाहिले असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. सिंहाचे मुख आणि माशाचे शेपूट असलेला मर्लायन, तीन मनोऱ्यांच्या माथ्यावर नौका ठेवल्यासारखे दिसणारे मरीना बे येथील हॉटेल, बागेतले पोलादी महावृक्ष आणि सेंटोसा बेट. काय खाल्ले असे विचारले, तर मात्र तो किंचित घुटमळतो. कारण त्याने बहुधा वरणभात, पुरी आणि बटाट्याची भाजी खाल्लेली असते. ‘दररोज सायंकाळी भारतीय भोजन’ हे सहलीच्या जाहिरातीतील आश्वासन आपल्याकडे विमानाच्या तिकिटाइतकेच महत्त्वाचे मानले जाते. परमुलखात पोट सांभाळावे, हे शहाणपण आहेच. वयस्क मंडळी आणि कडक शाकाहारी यांची अडचणही खरी आहे. पण सिंगापूरपुरते बोलायचे, तर या आश्वासनापायी तेथील सर्वांत पाहण्याजोगी गोष्ट पाहायची राहून जाते.

मर्लायनचेच घ्या. त्याच्यासमोर छायाचित्र काढून घेतल्याशिवाय कोणी परतत नाही. हे चिन्ह १९६४ साली तेथील पर्यटन मंडळाचे बोधचिन्ह म्हणून तयार झाले आणि पुतळा १९७२ साली उभा राहिला. म्हणजे पर्यटकांनी पाहावे म्हणूनच जे निर्माण केले, ते पर्यटक भक्तिभावाने पाहतात. तेथील माणसाला ज्याविना दिवस काढता येत नाही ती वस्तू निराळी आहे, आणि तिचे नाव हॉकर सेंटर.

हॉकर सेंटर म्हणजे उंच छप्पर, चारी बाजूंनी मोकळी जागा, डोक्यावर गरगरणारे पंखे, जमिनीत पक्की बसवलेली टेबले व बाके, आणि कडेने ओळीने मांडलेले पाचपन्नास, क्वचित शंभरावर छोटे गाळे. प्रत्येक गाळ्यात एक किंवा दोनच पदार्थ. एकाचा आयुष्यभर कोंबडी-भात, दुसऱ्याच्या शेवया, तिसऱ्याचा नारळाच्या दुधात शिजवलेला मलय नासी लमाक, चौथ्याचा तव्यावरचा पराठा, ज्याला तेथे प्राटा म्हणतात. बाकावर कागदी रुमालाचे पाकीट ठेवले की जागा राखली गेली, हा अलिखित कायदा आहे, आणि लेखी कायद्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या देशात तो विशेष निष्ठेने पाळला जातो. बँकेतील अधिकारी, टॅक्सीचालक, शाळकरी मुले आणि निवृत्त आजोबा एकाच टेबलाला टेकतात. चार ते सहा सिंगापूर डॉलरांत पोटभर जेवण होते. तेवढ्या पैशांत शेजारच्या वातानुकूलित संकुलात कॉफीचा एक पेला मिळतो.

लिटल इंडियातील टेक्का सेंटर हे आपल्या माणसाने सुरुवात करायला उत्तम ठिकाण. तेथे डोसा, आप्पे, केळीच्या पानावरचा भात हे सारे आहेच. पण ‘मी गोरेंग’ नावाच्या लालसर परतलेल्या शेवयाही आहेत. त्या विकणारे भारतीय वंशाचे मुसलमान, शेवया चिनी, नाव मलय, आणि हा पदार्थ मूळ भारतात कोठेही बनत नाही! स्थलांतरितांच्या इतिहासावरील एखादे प्रकरण वाचण्याऐवजी ही एक बशी समोर घेतली तरी बराच बोध होतो. आणि अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला हमखास थांबविणारी एक पाटी अनेक केंद्रांत आढळते: ‘इकॉनॉमिक राइस’. पांढरा भात, त्यावर समोर मांडलेल्या भाज्यांपैकी बोटाने दाखवाल त्या दोन-तीन. विषयाचे इतके सार्थ नामकरण पाठ्यपुस्तकांतही सापडत नाही.

ही केंद्रे आपोआप उगवली नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर सिंगापूरचे रस्ते फेरीवाल्यांनी भरलेले होते. बेकारी मोठी, भांडवल कोणापाशी नाही. तेव्हा खांद्यावर कावड किंवा हाती गाडी घेऊन अन्न विकणे हाच अनेकांचा उद्योग होता. १९५० साली ब्रिटिश सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. वाहतुकीला अडथळा, नळाविना धुतली जाणारी भांडी, गटारात आणि नदीत जाणारे खरकटे, पटकी व विषमज्वराची भीती ही सारी कारणे आपल्या नगरपालिकांच्या कागदपत्रांतून आपल्याला पाठ आहेत. स्वातंत्र्यानंतर १९६८-६९ मध्ये बेटभर फेरीवाल्यांची नोंदणी झाली. त्यांपैकी सुमारे १८ हजारांना १९७१ ते १९८६ या काळात पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या केंद्रांत हलविण्यात आले. १९७७ साली हाती घेतलेली आणि दहा वर्षे चाललेली सिंगापूर नदीची सफाई याच कार्यक्रमाशी जोडलेली होती.

हे सारे गोडीगुलाबीने झाले असे कोणी समजू नये. निरीक्षकांचे छापे, जप्त होणाऱ्या गाड्या, नेहमीचे गिऱ्हाईक तुटल्याचे दुःख हेही त्या इतिहासात आहे. एकपक्षीय वर्चस्वाची राजवट आणि १९६६च्या भूसंपादन कायद्याने सरकारच्या हाती आलेली जमीन, या दोन गोष्टी नसत्या तर हे इतक्या वेगाने झाले नसते. तरीही एक फरक निर्णायक ठरला. हटविण्याआधी जागा तयार होती, आणि ती गावाबाहेर नव्हे, तर नव्या वसाहतींच्या मध्यभागी, जेथे गिऱ्हाईक राहायला आले तेथेच होती. हाँगकाँगने १९७०च्या दशकापासून फेरीवाल्यांचे नवे परवाने देणे जवळजवळ बंद केले आणि तेथील रस्त्यावरचे भोजन पिढीबरोबर आटत गेले. बँकॉकमध्ये २०१६ च्या सुमारास पदपथ मोकळे करण्याची मोहीम निघाली. ज्या खाद्यासाठी जगभरचे प्रवासी त्या शहरात येतात तेच हटवायला निघालेल्या प्रशासनाला पुढच्या वर्षी खुलासे करावे लागले.

स्वस्त तयार अन्नाचा अर्थ केवळ जिभेपुरता नसतो. रिकार्डोने १८१५ साली धान्याच्या आयातीवरील निर्बंधांविरुद्ध जे प्रतिपादन केले, त्याचा गाभा असा की अन्न महागले तर मजुरी वाढवावी लागते आणि नफा घटतो. सिंगापूरने १९७०च्या दशकात निर्यातीसाठी कारखाने उभारले, त्यांत हजारो स्त्रिया कामाला गेल्या. त्यांच्या घरचा स्वयंपाक कोणी करायचा? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर इमारतीखालच्या हॉकर सेंटरने दिले. कामगाराला मिळालेले ते न दिसणारे वेतन होते. आणि त्याचा काही भाग सरकारने भाड्यातील सवलतीच्या रूपाने, तर काही भाग पहाटे चारला उठून शेगडी पेटविणाऱ्या नवराबायकोने आपल्या श्रमाच्या रूपाने भरला.

आज अडचण आली आहे ती याच दुसऱ्या भागात. रस्त्यावरून हलविलेल्या पहिल्या पिढीला भाडे सवलतीचे. नंतर येणाऱ्याला गाळा निविदेने घ्यावा लागतो. २०२४ साली एका गाळ्यासाठी महिना दहा हजार डॉलरांहून अधिक बोली लागली. ती अपवादात्मक होती, पण अपवादही बाजाराची दिशा सांगतो. हॉकरांचे वय सरासरीने साठीच्या घरात गेले आहे. त्यांनी मुलांना शिकविले, आणि शिकलेली मुले शेगडीपाशी बारा तास उभी राहायला तयार नाहीत; यात मुलांना दोष देण्यासारखे काही नाही. मदतनीस परदेशी ठेवण्यावर कडक बंधने होती, ती १ जानेवारी २०२५ पासून थोडी सैल झाली. २०१६ साली दोन गाळ्यांना मिशेलिनचा तारा मिळाला, १६ डिसेंबर २०२० रोजी युनेस्कोने या संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. गौरव झाला. परंतु शेवयांच्या वाडग्यामागे अर्धा डॉलर वाढला तर कुरकुर करणारे गिऱ्हाईक तेच राहिले. वारसा म्हणून मान द्यायचा आणि किंमत मात्र कालची ठेवायची, या व्यवहारात तोटा कोणाच्या खात्यावर पडतो हे सांगायला ताळेबंद मांडण्याची गरज नाही.

आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयाच्या मार्गाने चालत आला. मुंबईच्या फेरीवाल्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, त्याचा निकाल १९८५ चा. संसदेचा पथविक्रेता कायदा २०१४ चा. सर्वेक्षणाआधी कोणाला हटवू नये, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, हे त्यात लिहिलेले आहे. कायदा म्हणून तो सिंगापूरच्या त्या काळच्या व्यवस्थेपेक्षा अधिक लोकशाहीवादी आहे. उणीव आहे ती नळाची, गटाराची आणि जागेची. आपण हक्क कागदावर दिला, त्यांनी छप्पर दिले. दोन्ही एकत्र देणारे शहर आशियात मला अजून दिसलेले नाही.

असो. सहलीला जाणाऱ्यांसाठी चार व्यावहारिक गोष्टी. पाच दिवसांतले निदान एक जेवण आयोजकांच्या यादीतून वगळावे. बहुतेक मोठ्या केंद्रांत शाकाहारी गाळा सापडतो, पण रश्शात सुकी कोळंबी किंवा माशाचा अर्क नाही ना, हे विचारून घ्यावे. लाक्सासारख्या पदार्थात ती असतेच. वास्तुशिल्पाची आवड असेल तर १८९४ साली उभे राहिलेले, ग्लासगोहून आणलेल्या ओतीव लोखंडाचे अष्टकोनी लाऊ पा सात संध्याकाळी गाठावे. तेथे दर थोडे चढे असतात, पण शेजारचा रस्ता गाड्यांना बंद होऊन निखाऱ्यांवरच्या साटेचा धूर पसरू लागतो, तो देखावा मोफत आहे. साधे, रोजचे पाहायचे असेल तर सकाळी आठला एखाद्या वसाहतीतल्या केंद्रात जावे, कोपी मागवावी आणि नुसते बसावे. जेवण झाल्यावर ताट आपले आपण उचलून फडताळात ठेवायचे असते. २०२१ च्या सप्टेंबरपासून तसे न करणाऱ्यावर कारवाई होते. हलाल अन्नाच्या ताटांचे फडताळ वेगळे असते, तेवढे पाहून ठेवावे. आणि लांब रांग दिसली तर टाळू नये. रांगेच्या टोकाला जो म्हातारा हात चालवीत असतो, त्याच्या गाळ्यावर पुढच्या खेपेला कोणाची पाटी असेल हे त्यालाही ठाऊक नसते.