बालवाडीची पारख कशी करावी?

जून महिना उजाडला, की कोल्हापुरातल्या पेठापेठांतून एक दृश्य हमखास दिसते. तीन वर्षांच्या मुलाचे बोट धरून आईवडील बालवाडीच्या दारात उभे असतात. रंगवलेल्या भिंती, अंगणातली घसरगुंडी, गणवेश, रिक्षाची सोय हे सारे त्यांच्या नजरेत भरते. मग ठरलेला प्रश्न येतो, “बाई, वर्षअखेर लिहायला-वाचायला येईल ना?” जवळच्याच गल्लीत एखाद्या देवळाच्या सभामंडपात किंवा समाजमंदिरात अंगणवाडी भरलेली असते. तिथे ना घसरगुंडी, ना रंगीत भिंती. या दोहोंपैकी चांगली बालवाडी कोणती? पहिलीच, असे बहुतेकजण म्हणतील. आमचे म्हणणे असे, की दाराबाहेरून हे सांगता येत नाही. मात्र आत तासभर नीट बसले तर सांगता येते, आणि तेही मोजून. कसे, ते पाहू.

प्रश्न महत्त्वाचा का?

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत येते की नाही, हा त्या काळचा प्रश्न होता. शाळेपूर्वीच्या वयाचा विचार महाराष्ट्रात रुजवला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले; पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, शिंपले, पाने, माती यांतून त्यांनी साधने तयार केली. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढले. ती प्राथमिक शाळा. पण मूल सांगून नव्हे तर अनुभव घेऊन शिकते, हे तिथे रोजच्या कामातून दिसले.

आज प्रश्न बदलला आहे. मूल बालवाडीत जाते. पण तिथे गेल्याने त्याचे भले होतेच का? अमेरिकेतले दोन प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. मिशिगन राज्यातील यप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरच्या १२३ मुलांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ५८ मुलांना बालशाळेत घेतले, ६५ मुलांना घेतले नाही. पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला प्रत्येकाच्या घरी जात असे. मुले चाळिशीत पोहोचेपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. बालशाळेत गेलेल्यांची कमाई जास्त आणि पोलीसकोठडीच्या वाऱ्या कमी निघाल्या.

दुसरा प्रयोग टेनेसी राज्यातला. तेथील सरकारी बालशाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त आले, म्हणून सोडत काढण्यात आली. सोडतीमुळे आपोआप दोन सारखे गट मिळाले. अशा सुमारे तीन हजार मुलांची सहावीतली प्रगती २०२२ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना प्रवेश मिळाला होता, त्यांचे गुण प्रवेश न मिळालेल्यांपेक्षा सरासरीने कमी होते! याचे कारण काय, यावर अजून वाद आहे. पहिल्या प्रयोगातली मुलेही फार थोडी होती. तरी एवढे खरे, की ‘बालवाडी’ ही पाटी लावली म्हणजे लाभ होतोच, असे नाही. आत काय चालते, ते पाहावेच लागते.

फूटपट्टीने मोजता येते ते

सर्वांत सोपे म्हणजे जागा आणि माणसे मोजणे. भारत सरकारच्या २०१३ सालच्या बालसंगोपन व शिक्षण धोरणात काही किमान गोष्टी सांगितल्या आहेत. तीस मुलांसाठी निदान ३५ चौरस मीटरची खोली हवी, म्हणजे साधारण १५ फूट रुंद व २५ फूट लांब. बाहेर खेळायला निदान ३० चौरस मीटर जागा हवी. तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठे माणूस हवे. पिण्याचे शुद्ध पाणी आणि मुलांना वापरता येईल असे स्वच्छतागृह हवे. कार्यक्रम तीन ते चार तासांचा असावा.

हे मोजतानाही कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांत फरक पडतो. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशा दोघी असतात. तीस मुलांमागे दोघी, म्हणजे पंधरांमागे एक; हिशेब छान बसतो. पण मदतनीस खिचडी शिजवण्यात आणि मुलांना घरून आणण्यात गुंतली असेल, तर तेवढा वेळ तीस मुलांमागे एकटी सेविका उरते. म्हणून हजेरीपटावरून नव्हे, तर घड्याळ लावून पाहावे: दर अर्ध्या तासाला खोलीत मुलांसोबत किती मोठी माणसे आहेत?

जागा, माणसे, पाणी हा बालवाडीचा सांगाडा झाला. सांगाडा भक्कम हवाच; पण त्यावरून आतला जिवंतपणा कळत नाही. कोठीत पितळी भांडी लखलखत असली, म्हणून स्वयंपाक रुचकर असतोच असे नाही.

तासाभरात काय मोजावे?

बालवाडीतल्या प्रत्यक्ष व्यवहाराला गुण देणारी एक मोजपट्टी अमेरिकेतील थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० साली प्रसिद्ध केली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या अनेक देशांत वापरल्या जातात. प्रत्येक बाबीला १ ते ७ गुण असतात: १ म्हणजे अपुरे, ३ म्हणजे जेमतेम, ५ म्हणजे चांगले आणि ७ म्हणजे उत्तम. हल्लीच्या आवृत्तीसाठी निरीक्षकाला वर्गात सलग तीन तास बसावे लागते. ही पूर्ण मोजपट्टी वापरायला प्रशिक्षण लागते. पण तिच्यामागची कल्पना घेऊन आपण साधी मोजणी करू शकतो. दोन शिक्षक किंवा अकरावी-बारावीचे दोन विद्यार्थी, एक घड्याळ आणि एक वही एवढे पुरे. मात्र बालवाडीच्या ताईंची परवानगी आधी घ्यावी आणि आपण काय लिहिणार, ते त्यांना मोकळेपणाने सांगावे.

पहिली मोजणी मुलांची. हजेरीपटातून चिठ्ठ्या टाकून पाच मुले निवडावीत. आपण नुसती नजर टाकून निवडली, तर धीट व बडबडी मुलेच निवडली जातात. कोपऱ्यात गप्प बसलेले मूल सुटते. आता दर पाच मिनिटांनी पाचही मुलांकडे पाहावे आणि प्रत्येकापुढे एकच अक्षर लिहावे. हाताने काही करत असेल, खेळत किंवा बोलत असेल तर ‘क’. लक्ष देऊन ऐकत असेल तर ‘ऐ’. नुसते वाट पाहत बसले असेल तर ‘वा’. एका तासात बारा वेळा पाहिले, की पाच मुलांच्या साठ नोंदी होतात. समजा, त्यांत २४ वेळा ‘वा’ आले. म्हणजे ४० टक्के वेळ मुले पाटीची, पाण्याची, आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. तीन तासांच्या बालवाडीत हा वेळ ७२ मिनिटे भरतो. “मुले फार दंगा करतात,” या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा या आकड्यात दडलेले असते.

दुसरी मोजणी मोठ्यांच्या बोलण्याची. वीस मिनिटे ताईंची वाक्ये तीन रकान्यांत टाकावीत. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा. ‘हा रंग कोणता?’ हा ठरलेल्या उत्तराचा प्रश्न. ‘तुझी आजी गावाहून आली का? काय काय आणलं तिनं?’ हे मुलाच्या बोलण्यातून निघालेले संभाषण. तिन्ही प्रकार लागतात. पण तिसरा रकाना कोरा राहिला, तर मुलाची भाषा वाढायची कशी? या वयात मूल ऐकण्याइतकेच बोलण्यातूनही शिकते. आणि आपल्या बोलण्यात कुणाला रस आहे असे दिसले, तरच ते बोलते.

तिसरी मोजणी साधनांची. कपाटात किती खेळणी आहेत हे मोजू नये. मुलाचा हात पोहोचेल अशा जागी किती आहेत, आणि त्या तासात किती हाताळली गेली, ते मोजावे. कुलपातल्या लाकडी ठोकळ्यांपेक्षा डब्यातले चिंचोके आणि कुंभाराकडून आणलेला मातीचा गोळा अधिक शिकवतात.

आपलाच आकडा तपासावा

आता शंका येईल, की एकाने ‘ऐ’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘वा’, तर खरे कोणाचे? म्हणूनच दोन निरीक्षक हवेत. दोघांनी एकमेकांच्या वहीत न डोकावता नोंदी कराव्यात आणि शेवटी ताडून पाहाव्यात. साठांपैकी ५० नोंदी जुळल्या तर फार छान, असे वाटते. पण इथे एक चकवा आहे. समजा, ‘क’ आणि ‘ऐ’ मिळून ‘गुंतलेले’ आणि ‘वा’ म्हणजे ‘रिकामे’, अशा दोनच खुणा धरल्या आणि दोघांनीही दहापैकी नऊ वेळा ‘गुंतलेले’ लिहिले. मग मुलांकडे न पाहता, डोळे मिटून लिहिले असते तरी ०.९ × ०.९ + ०.१ × ०.१ = ०.८२, म्हणजे साठांपैकी सुमारे ४९ नोंदी योगायोगानेच जुळल्या असत्या! तेव्हा ५० जुळल्या यात विशेष काही नाही. योगायोगाचा हा वाटा वजा करून खरी एकवाक्यता काढण्याची रीत जेकब कोहेन यांनी १९६० साली दिली. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे.

दुसरा चकवा मनाचा. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवले, की लष्करी अधिकारी एखाद्या गुणासाठी कनिष्ठाला चांगला म्हणाले, तर त्याचा संबंध नसलेल्या इतर गुणांतही त्याला वर चढवतात. रंगीत भिंतींचा आपल्या मनावर असाच परिणाम होतो. वाक्ये आणि मिनिटे मोजणे, हा त्यावरचा उपाय आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. जानेवारीतल्या कोवळ्या उन्हात कोणतीही बालवाडी प्रसन्न दिसते. कोल्हापुरात जुलैची झड लागली, अंगण चिखलाने भरले आणि तीस मुले एका खोलीत अडकली, की त्या दिवशी काय चालते? एक भेट पावसाळ्यातही हवी. शिवाय पाहुणे आले की सारेच सावरून बसतात. म्हणून पहिल्या दिवसाच्या नोंदी बाजूला ठेवाव्यात.

पालकांच्या प्रश्नाचे काय?

‘लिहिता येईल ना?’ या प्रश्नाला टाळून चालणार नाही, कारण त्याच्यासाठीच बालवाड्या तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देतात. आपल्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रात त्यांपैकी साधारण तीन-चारच हाडे दिसतात. बाकीची पुढे हळूहळू तयार होतात. हाड नाही म्हणून लिहिता येत नाही, इतके हे सरळ नाही. पण हात अजून घडतो आहे, याची ही खूण आहे. त्याला आधी माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे, वाळूत रेघा ओढणे हवे असते. बोटांवर ताबा आला, की अक्षर वळवायला फार दिवस लागत नाहीत.

अंकांचेही तसेच. मूल शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणते आणि घरचे कौतुक करतात. त्याच मुलाला म्हणा, “मला पाच चिंचोके दे.” पुष्कळदा ते मूठभर चिंचोके पुढे करते. केरन विन यांनी १९९० साली अशाच चाचणीने दाखवले, की आकडे ओळीने म्हणता येणे आणि शेवटचा आकडा म्हणजे ‘एकूण किती’ हे कळणे, यांत बऱ्याच महिन्यांचे अंतर असते. स्नेहसंमेलनात आकडे म्हणून दाखवण्यावरून बालवाडीची परीक्षा करू नये, ती यासाठीच.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अंगणवाडीच्या ताईंना तपासणी नवी नाही. वजनाची नोंद, आहाराची नोंद, हजेरी हे सारे वेळोवेळी पाहिले जाते आणि चूक सापडली की बोलणी बसतात. आपल्या साठ नोंदींचा कागद त्या रांगेत जाऊन बसू नये. तो आधी ताईंच्याच हाती द्यावा. ७२ मिनिटे वाट पाहण्यात जातात, हे कळल्यावर उपाय त्याच शोधतील: पाणी प्यायला एकाच वेळी तिसांची रांग न करता पाच-पाच मुले पाठवता येतील, पाट्या वाटायचे काम मोठ्या मुलांकडे देता येईल. महिन्याने पुन्हा मोजावे. ७२ ची ४० मिनिटे झाली, तर तेवढी ३२ मिनिटे रोज प्रत्येक मुलाच्या पदरात पडली.

पुढच्या जूनमध्ये कुणी पालक आपल्याला विचारतील, “सर, कुठली बालवाडी बरी?” तेव्हा नाव सुचवण्याआधी त्यांना सांगावे, “तासभर आत बसायला मिळते का, ते आधी विचारा. मिळाले, तर मुले किती वेळ नुसती बसून असतात आणि त्यांच्याशी कुणी बोलते का, एवढे मोजून या.”