ऑस्ट्रेलियन गृहवास्तुकला, आधुनिक
दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात विकसित झालेली निवासी वास्तूंची रचनापद्धती आणि तिच्या अनुषंगाने आलेली अंतर्गत सजावट यांचा अंतर्भाव या संज्ञेत होतो. तेथील बहुसंख्य कुटुंबे शहरांभोवतीच्या विस्तीर्ण उपनगरांत स्वतंत्र घरे बांधून राहतात. त्यामुळे त्या देशातील वास्तुविशारदांच्या प्रतिभेचा कस सार्वजनिक इमारतींइतकाच, किंबहुना काहीसा अधिक, घरांच्या रचनेत लागला आहे. यूरोपीय वसाहतवाल्यांनी परक्या भूमीवर आणलेले घर तेथील ऊन, वारा, पाऊस व वणवा यांच्याशी कसे जुळवून घेत गेले आणि या जुळणीचा लाभ किती थोड्यांच्या वाट्यास आला, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

मकरवृत्ताच्या दक्षिणेस मध्यान्हीचा सूर्य नेहमी उत्तरेकडे असतो. साहजिकच सिडनी वा मेलबर्न येथे उत्तराभिमुख खोलीत हिवाळ्याचे तिरपे ऊन खोलवर येते, तर उन्हाळ्यातील उंच सूर्य बेताच्या रुंदीच्या वळचणीनेही अडविला जातो. इंग्लंडमधून आलेल्या लोकांच्या सवयी नेमक्या याउलट होत्या. १७८८ मध्ये वसाहत स्थापन झाल्यावर त्यांनी कुडाच्या भिंतींची घरे उभारली, ती इंग्लंडमधील खेडवळ घरांच्या धर्तीवर. पॅरामॅटा येथील ‘एलिझाबेथ फार्म’ (१७९३) हे देशातील सर्वांत जुने विद्यमान यूरोपीय घर मानले जाते. त्याचा रुंद व्हरांडा ही हवामानाने शिकविलेली सुधारणा होय. व्हरांडा आणि बंगला हे दोन्ही शब्द इंग्रजीत भारतातून गेले आणि तेथून ते ऑस्ट्रेलियात पोहोचले. महाराष्ट्रातील ओसरी-पडवीचे कार्यही याहून वेगळे नाही. क्वीन्सलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी खुंटांवर उचललेले, पन्हळी पत्र्याच्या छपराचे व भोवताली व्हरांडे असलेले घर रूढ झाले. जोत्याखालून वारा खेळावा हा त्यामागील हेतू असे. वाळवी वर चढू नये म्हणून प्रत्येक खुंटावर पत्र्याची टोपी बसवीत. अनामिक सुतारांनी घडविलेला हा प्रकार पुढील पिढ्यांतील वास्तुविशारदांना मोठा आधार ठरला.

दोन महायुद्धांच्या दरम्यान कॅनबेरा नगराचा अमेरिकन आराखडाकार वॉल्टर बर्ली ग्रिफिन (१८७६–१९३७) याने सिडनीच्या कॅसलक्रॅग या उपनगरात स्थानिक वालुकाश्माची, सपाट छपरांची व भोवतीची झाडी राखून बांधलेली घरे उभारली. तिचा प्रसार मात्र झाला नाही. ग्रिफिनचा मृत्यू लखनौ येथे झाला.

महायुद्धानंतर घरांची तीव्र टंचाई आणि बांधकाम साहित्याचा तुटवडा यांमुळे लहान घरांचे युग आले. ॲस्बेस्टॉस मिश्रित सिमेंटचे स्वस्त पत्रे, ज्यांना ‘फायब्रो’ म्हणत, भिंतींसाठी सर्रास वापरले गेले. त्यांची किंमत पुढे आरोग्याच्या रूपाने मोजावी लागली. ॲस्बेस्टॉसच्या वापरावर २००३ च्या अखेरीस संपूर्ण बंदी आली. याच काळात मेलबर्नचा वास्तुविशारद व लेखक रॉबिन बॉइड (१९१९–७१) याने ‘द एज’ या वृत्तपत्राच्या साह्याने १९४७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्मॉल होम्स सर्व्हिस’चे संचालन केले. या योजनेतून सामान्य माणसास जाणत्या वास्तुविशारदाने केलेले घराचे आराखडे अवघ्या पाच पौंडांत मिळत. द ऑस्ट्रेलियन अग्लीनेस (१९६०) या ग्रंथात बॉइडने, संपूर्ण वास्तूचा विचार न करता तिचे सुटे भाग नटविण्याच्या देशव्यापी हौसेवर कठोर टीका केली. सिडनीत व्हिएन्ना येथे जन्मलेल्या व ग्रोपिअसच्या हाताखाली शिकलेल्या हॅरी साइडलर (१९२३–२००६) याने आपल्या आईवडिलांसाठी वहरूंगा येथे बांधलेले ‘रोझ साइडलर हाउस’ (१९५०) हा आंतरराष्ट्रीय आधुनिक शैलीचा तेथील ठळक आविष्कार होय. घर कौशल्यपूर्ण आहे. पण ते ऑस्ट्रेलियातच उभे राहावे असे त्यात फारसे काही नाही.

याची प्रतिक्रिया म्हणून १९६० च्या सुमारास ‘सिडनी संप्रदाय’ उदयास आला. केन वूली (१९३३–२०१५) याचे मॉसमन येथील स्वतःचे घर (१९६२) उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते. करपट विटा व उघडे लाकूड यांमुळे ते भोवतीच्या निलगिरीच्या रानात मिसळून जाते. वूलीच्याच आराखड्यांवर ‘पेटिट अँड सेव्हिट’ या व्यावसायिक संस्थेने मध्यमवर्गास परवडणारी नमुनेदार घरे बांधली. मेलबर्नमध्ये १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘मर्चंट बिल्डर्स’ने ग्रेम गन या वास्तुविशारदाच्या साह्याने तोच मार्ग चोखाळला आणि घराइतकेच महत्त्व भोवतालच्या देशी वनस्पतींच्या बागेस दिले. चांगली रचना श्रीमंतांपुरती राहू नये, यासाठी झालेले हे सर्वांत यशस्वी प्रयत्न. पेटिट अँड सेव्हिटचे काम १९७० नंतरच्या दशकात थांबले, तर मर्चंट बिल्डर्स १९९१ मध्ये बंद पडली.

ऑस्ट्रेलियन घरास जागतिक मान्यता मिळाली ती मुख्यतः ग्लेन मर्कट (१९३६–    ) याच्यामुळे. बालपण न्यू गिनीत गेलेल्या मर्कटने मोठे कार्यालय न थाटता बहुतांशी एकट्यानेच काम केले. २००२ मध्ये त्यास प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. केम्प्सीजवळील ‘मेरी शॉर्ट हाउस’ (१९७५) हे मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या शेडवरून सुचलेले दोन लांबट, समांतर दालनांचे घर आहे. ते खांबांवर उचललेले असून पन्हळी पत्रा आढ्यावर वाकवून गोलाई दिली आहे, म्हणजे तापलेली हवा तेथूनच निसटते. भिंतींतील झडपा रहिवाशाने हाताने उघडावयाच्या व मिटावयाच्या. शिडाची नाव जशी वाऱ्याप्रमाणे हाकावी लागते, तसे हे घर ऋतूप्रमाणे चालवावे लागते. समुद्रकाठच्या बिंगी येथील ‘मॅग्नी हाउस’मध्ये (१९८४) उत्तरेकडील संपूर्ण बाजू काचेची असून तिला बाहेरून पडदे आहेत, दक्षिणेकडील बाजू थंड वाऱ्यास अडविण्यासाठी बव्हंशी बंद आहे. असमान उतारांचे छप्पर पावसाचे पाणी मधल्या पन्हळीत गोळा करून टाकीत सोडते. पाणी ज्या देशात दुर्मिळ आहे, तेथे छपराचा आकार पाण्यावरून ठरावा हे स्वाभाविकच होय.

उष्ण कटिबंधातील उत्तर भागाची समस्या निराळी आहे. २४–२५ डिसेंबर १९७४ च्या रात्री ‘ट्रेसी’ या चक्रीवादळाने डार्विन शहरातील बहुतेक घरे उद्‌ध्वस्त केली. त्यानंतर बंदिस्त काँक्रीट ठोकळ्यांची घरे उभी राहिली. ती वादळास टिकणारी, पण यंत्राने गार केल्यावाचून राहण्यास अशक्य अशी होती. १९८० मध्ये स्थापन झालेल्या ‘ट्रॉपो’ या वास्तुविशारद संस्थेने मजबुतीशी तडजोड न करता उंचावरील, झडपांची, मोकळ्या हवेची घरे पुन्हा रूढ करण्याचा प्रयत्न केला. यिर्कला येथे मर्कटने एका आदिवासी कलावतीच्या कुटुंबासाठी बांधलेले ‘मरिका-आल्डर्टन हाउस’ (१९९४) याच विचाराचे आहे. त्यात काच नाही. प्लायवुडच्या फळ्या वर उचलल्या की भिंतच छज्जा होते. या घराचे भाग सिडनीनजीकच्या गॉसफर्ड येथे तयार करून दूरवर नेऊन जोडले गेले. ते आदिवासींच्या गृहनिर्माणाचा नमुना ठरावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते बव्हंशी एकांडेच राहिले, आणि दुर्गम आदिवासी वस्त्यांतील दाटीचा प्रश्न आजही सुटलेला नाही.

अंतर्गत सजावटीत मॅरिअन हॉल बेस्ट (१९०५–८८) हिचे नाव अग्रगण्य आहे. तिने सिडनीतील आपल्या दुकानातून झळझळीत, दाट रंगांच्या भिंती व आधुनिक फर्निचर यांची आवड रुजविली. ग्रँट फेदरस्टन (१९२२–९५) याच्या शरीराच्या वळणानुसार वाकविलेल्या प्लायवुडच्या गादीदार खुर्च्या १९५१ पासून लोकप्रिय झाल्या. अलीकडील घरांत स्वयंपाकघर, जेवणाची जागा व बैठक यांतील भिंती गळून एकच दालन झाले असून, ते सरकत्या दारांनी बाहेरच्या छपरी अंगणाशी जोडलेले असते. जॅरा, ब्लॅकबट यांसारखी देशी लाकडे, पुष्कळदा जुन्या इमारतींतून काढलेली, विशेष पसंत केली जातात. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी क्वॉर्ट्झच्या चुऱ्यापासून बनविलेला कृत्रिम दगड सु. दोन दशके सर्वत्र वापरला गेला. तो कापताना उडणाऱ्या सिलिकायुक्त धुळीमुळे तरुण कारागिरांना फुप्फुसाचा असाध्य विकार जडू लागला, तेव्हा १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने त्याच्या वापरावर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश होय. फायब्रोची आठवण येथे टळत नाही.

जुन्या शहरभागांतील एकोणिसाव्या शतकातील बिडाच्या जाळीकामाची ओळघरे वारसा म्हणून संरक्षित आहेत. त्यांचा दर्शनी भाग तसाच राखून मागील बाजूस प्रकाशमय नवी दालने जोडणे हे समकालीन वास्तुविशारदांचे नेहमीचे काम झाले आहे. वणव्यांनी तर रचनेचे नियमच बदलले. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यातील वणव्यांत १७३ माणसे व २,००० हून अधिक घरे बळी पडली. त्यानंतर वणव्याच्या संभाव्य तीव्रतेनुसार साहित्य, काचा व जाळ्या यांचे मानक कडक करण्यात आले. २०१९–२० च्या उन्हाळ्यात पुन्हा ३,००० हून अधिक घरे जळाली.

वास्तुविशारदाने रचलेली घरे एकूण घरांच्या मानाने फार थोडी. उपनगरांतील बहुसंख्य घरे बांधकाम कंपन्यांच्या ठरीव आराखड्यांवरून, दिशेचा विचार न करता उभारली जातात. २०१९–२० मध्ये नव्या स्वतंत्र घराचे सरासरी क्षेत्र सु. २३५ चौ. मी. होते, जगातील सर्वांत मोठ्या घरांत त्यांची गणना होते. काळपट छपरे, अपुऱ्या वळचणी व वातानुकूलन यंत्रे हे त्यांचे नेहमीचे रूप. ऊर्जाकार्यक्षमतेची किमान पात्रता २०२२ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने दहापैकी सहा ताऱ्यांवरून सातांवर नेली, तिचा रोख मुख्यतः या घरांवर आहे. दुसरीकडे मेलबर्नच्या ब्रन्सविक भागातील ‘द कॉमन्स’ (२०१३) व ‘नाइटिंगेल १’ (२०१७) या गृहसंकुलांत मोटारींसाठी जागा नाही, कपडे धुण्याची सोय गच्चीवर सामाईक आहे, आणि वाचलेला पैसा उष्णतारोधन व आडवी हवा खेळविणाऱ्या खिडक्यांवर खर्च केला आहे.