छोट्या कार्यक्रमासाठी मॉनिटर घेताना

आम्ही कापडाचे व्यापारी. साउंडच्या धंद्यावर आम्ही लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु श्रीरामपूरच्या मंगल कार्यालयांना पडदे, गाद्या आणि पांढऱ्या चादरी पुरविण्याच्या निमित्ताने आम्ही कितीतरी कार्यक्रम मंचाच्या बाजूला उभे राहून पाहिले आहेत, आणि समोर बसलेल्या लोकांना जे कळत नाही ते तिथून चांगले कळते.

गेल्या थंडीत एका कार्यालयात कव्वालीचा कार्यक्रम होता. दीड-दोनशे माणसे, वर पत्रे, खाली गुळगुळीत फरशी. दोन मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून ठेवलेले, गाणाऱ्यांकडे एकही नाही. मुख्य कव्वाल पुन्हा पुन्हा हाताने खूण करीत होते की आवाज वाढवा. साउंडवाल्या पोराने वाढविला की माईक शिट्टी मारी, कमी केला की कव्वालांना ढोलक आणि टाळ्यांपुढे स्वतःचाच आवाज ऐकू येईना. मध्यंतरापर्यंत त्यांचा गळा बसला. दुसऱ्या दिवशी तो पोरगा दुकानात आला. पंधरा इंची मोठी पेटी घ्यायची आहे, काही रक्कम उसनी मिळेल का, असे विचारू लागला. आम्ही त्याला म्हटले, बेटा, चार दिवस थांब. त्या चार दिवसांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील आणि पुण्यातील माहितगारांकडून जे समजून घेतले, ते इथे मांडतो.

गायकाकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरला मॉनिटर म्हणतात. पॉवर्ड मॉनिटर म्हणजे ज्याच्या पेटीतच ॲम्प्लिफायर आहे तो. वेगळे ॲम्प्लिफायर आणि त्याचे ओझे लागत नाही. माणूस गोंगाटात आपोआप आवाज चढवून बोलतो, हे लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली लिहून ठेवले आहे. गाणाऱ्याचेही तेच होते. स्वतःचा आवाज कानावर आला नाही की तो ताण देतो, आणि त्याची रोजी ज्या गळ्यावर आहे तोच खराब होतो.

आता वॅटचा गैरसमज. पूर्वी टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर हजार-हजार वॅट पीएमपीओ छापलेले असत, तसाच हा प्रकार आहे. काही कंपन्या क्षणभराचा वॅट छापतात, काही सतत चालणारा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे मीटरच्या भावाशी वाराचा भाव ताडून पाहणे. शिवाय वॅट दुप्पट केला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. उलट पेटी २ मीटरवरून १ मीटरवर सरकवली तर मोकळ्या जागेत सुमारे ६ डेसिबल वाढतात. याचा अर्थ असा की गायकाच्या जवळ ठेवलेली १५० वॅटची लहान पेटी, दुप्पट अंतरावरच्या तशाच बनावटीच्या ६०० वॅटच्या पेटीचे काम करते. सरकवायला पैसे लागत नाहीत!

म्हणून बसून होणाऱ्या कार्यक्रमाला (कव्वाली, नात, मुशायरा, गझल) लहान पेटीच सोयीची. बेहरिंजरची बी २०५ डी आणि मॅकीची एसआरएम १५० या दोन्ही याच जातीच्या: सव्वापाच इंची कोन, १५० वॅट, माईकच्या स्टँडवर बसणाऱ्या. इतक्या लहान कोनातून ढोलकाचा खर्ज येणार नाही, पण ढोलक तर गायकाच्या मांडीशेजारीच वाजत असते. त्याला हवे असतात स्वतःचे शब्द आणि पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, सूर. उभ्याने वाजणाऱ्या बँडबरोबर ड्रम असतील तर मात्र ही पेटी अपुरी पडेल. तिथे दहा-बारा इंची घ्यावी.

शिट्टीचे मूळ बहुधा जागेत असते. शूअरचा एसएम ५८ हा १९६६ पासूनचा माईक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, तेव्हा मॉनिटर त्याच्या बरोबर पाठीशी, गायकाच्या समोर हवा. बीटा ५८ सारखा सुपरकार्डिऑइड माईक मात्र मागून थोडे ऐकतो आणि तिरकस बाजूंनी कमी. तिथे मॉनिटर समोरून थोडा डावी-उजवीकडे सरकवावा. बसलेल्या माणसासाठी पेटीचा कलही कमी लागतो. उभ्या गायकासाठी केलेल्या कलाने आवाज टोपीवरून निघून जातो.

दुकानात निवड करताना आपला नेहमीचा माईक बरोबर न्यावा. गाण्याची रेकॉर्ड लावून दुकानदार कोणतीही पेटी गोड ऐकवील. आपण माईकसमोर बोलावे, हळूहळू वाढवावे, आणि शिट्टी येईपर्यंत शब्द कितपत स्वच्छ राहतात ते पाहावे. दोन-तीन पेट्या एकाच जागी, एकाच अंतरावर ठेवून हे केले की फरक लगेच कळतो. थेट माईक लावता येईल असे इनपुट आहे का, पुढच्या पेटीला जोडणारे सॉकेट आहे का, आणि दुरुस्ती कोणत्या गावी होते, हेही विचारावे. पक्के बिल घ्यावे.

पेटीतून घूं असा आवाज आला की काही मंडळी प्लगची अर्थिंगची पिन काढतात. असे कदापि करू नये. गायकाच्या ओठाशी धातूचा माईक असतो, जीव जाऊ शकतो. बॅलन्स्ड एक्सएलआर केबल वापरावी आणि मिक्सर व पेटी एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घ्यावी. एवढ्याने घूं बहुधा थांबते.

लहान मॉनिटरचा आणखी एक फायदा कायद्याच्या बाजूने आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बंद सभागृहाला सवलत आहे. जागेच्या हद्दीवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतील जे कमी असेल त्याच्या वर जाऊ नये. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे हद्दीवर ६५. गायकाला स्वतःचे ऐकू आले की बाहेरचे मोठे स्पीकर वाढविण्याची गरजच कमी होते आणि शेजारीही तक्रार करीत नाहीत.

थोडे आमच्या मालाविषयी. फरशी-पत्र्याच्या हॉलमध्ये मंचामागे जाड कापड भिंतीपासून वीतभर सोडून, भरपूर चुण्या देऊन लावावे. भिंतीच्या रुंदीच्या दुप्पट कापड लागते. त्याने तीक्ष्ण आवाजाचे परतणे कमी होते. खर्जावर त्याचा काही असर होत नाही, आणि पातळ साटीनचा तर अजिबात नाही, दिसायला कितीही झळाळी असो.

त्या पोराने अखेर दोन लहान पेट्या घेतल्या. उसने जेवढे मागितले होते त्याच्या निम्म्यात काम झाले. उरलेल्यातून त्याने चांगल्या केबली घेतल्या आणि आमच्याकडून पडद्याचे कापड. कापडावर आम्ही नफा घेतला नाही, असे मात्र नाही.