स्तनपान आणि पूर्णवेळ श्रम : धाराशिव जिल्ह्यातील मातांच्या संदर्भात

अंगावर पिणारे मूल आणि दिवसभराचे काम यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न सामान्यतः घरगुती सोयीचा समजला जातो. वस्तुतः शरीरशास्त्र, श्रमव्यवस्था आणि कायदा या तिन्हींशी त्याचा निकटचा संबंध आहे. धाराशिव जिल्ह्यात त्याची दोन रूपे प्रामुख्याने दिसतात. पहिले रूप शाळा, कचेऱ्या, बँका व रुग्णालये यांत ठरावीक वेळेची नोकरी करणाऱ्या मातांचे. दुसरे भूम, वाशी, कळंब आदी तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या मातांचे. दोघींच्या शरीराचे नियम एकच आहेत. श्रमाचे नियम मात्र सर्वस्वी भिन्न आहेत. त्यामुळे एकीला उपयोगी पडणारा उपाय दुसरीला निरुपयोगी ठरतो.

प्रथम शरीराचे नियम पाहू. बालक स्तन चोखू लागले म्हणजे मातेच्या मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते वाहू लागते. याखेरीज स्तनातच एक स्थानिक नियंत्रण असते : दूध साचून राहिल्यास नव्या दुधाची निर्मिती मंदावते, रिकामे झाल्यास ती वाढते. सारांश, दुधाचे प्रमाण मुख्यतः ते किती वेळा व किती पूर्णपणे काढले जाते यावर अवलंबून असते. कामावर जाऊ लागलेल्या मातेचे दूध ‘आटले’ असे म्हणतात, तेव्हा बहुधा दोष तिच्या प्रकृतीचा नसून दोन पाजण्यांमधील लांबलेल्या अंतराचा असतो. प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री अधिक असते. म्हणून दिवसा दूर राहणाऱ्या मातेने रात्रीचे पाजणे चालू ठेवल्यास दूध टिकण्यास मोठे साहाय्य होते.

पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध आणि त्यानंतर पूरक आहारासह दोन वर्षे किंवा अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शासकीय सेवेतील स्त्रीला मिळणारी १८० दिवसांची प्रसूतिरजा या पहिल्या टप्प्याशी जवळजवळ जुळते. रजेनंतर दूध काढून ठेवणे हा मार्ग उरतो. स्वच्छ हातांनी काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार तास व शीतकपाटात सुमारे चार दिवस टिकते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान ही मर्यादा सहज ओलांडते. तेव्हा शीतकपाट नसल्यास दूध लवकर वापरणेच इष्ट. ते वाटी-चमच्याने पाजावे. बोंडल्याची अरुंद चोच आतून नीट स्वच्छ होत नाही. उन्हातून आलेल्या मातेचे दूध ‘तापलेले’ असते, असा एक समज आढळतो. त्याला आधार नाही. स्तनातील दूध उन्हाने नासत नाही.

आता कायद्याचा विचार करू. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रसूतिविषयक करारात स्तनपान करणाऱ्या स्त्रीस कामाच्या वेळेत दररोज अर्ध्या तासाच्या दोन सुट्या मान्य केल्या. मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मातेची विश्रांती हा राष्ट्रहिताचा विषय असून तिचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने सोसावा, असे प्रतिपादन केले. १९२९ मध्ये तो कायदा झाला. परंतु उस्मानाबाद जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने येथील स्त्रियांना तो लागू नव्हता. स्वतंत्र भारतातील १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन स्तनपान-सुट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ वरून २६ आठवड्यांची केली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन घातले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम ठेवण्यात आल्या.

या सर्व तरतुदींमागे एक गृहीत आहे : कामाला ठरावीक जागा, ठरावीक वेळ आणि ओळखता येणारा मालक असतो. ऊसतोडीत यांपैकी एकही गोष्ट स्पष्ट नसते. तेथे पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते आणि तोडलेल्या उसाच्या वजनावर ती फिटते. पाजण्यासाठी घेतलेली अर्धी घटका कोणी नाकारत नाही. पण तेवढ्या वेळात बांधावयाच्या मोळ्या कमी होतात, म्हणून तिची किंमत मातेच्याच हिशेबातून वजा होते. खाडा पडल्यास कपात निराळी. साखर कारखान्याच्या आवारात पाळणाघराचा नियम लागू होऊ शकतो. फडातील मजूर मुकादमाचा मानला जात असल्याने तो नियम फडापर्यंत पोहोचत नाही.

येथे मूल दूर नसते, ही गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. ते बांधावर, झाडाला बांधलेल्या झोळीत किंवा तळावरच्या कोपीत असते. म्हणजे अडचण अंतराची नसून वेळेची व देखरेखीची आहे. फडापासून तळ लांब असल्यास अंतराचीही भर पडते. पुष्कळदा तान्ह्या भावंडाला सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीची शाळा सुटते. गावी चालणारी हंगामी वसतिगृहे शाळकरी मुलांसाठी उपकारक आहेत. अंगावर पिणारे मूल मात्र मातेपाशीच असावे लागते.

याचे परिणाम दुधापुरते मर्यादित राहत नाहीत. स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत मातेला रोज सुमारे ५०० ते ६०० किलोकॅलरी अधिक अन्न लागते; कष्टाच्या श्रमाची गरज त्याहून वेगळी. शिवाय, पाळी परत आलेली नसताना, पहिल्या सहा महिन्यांत, केवळ अंगावर व दिवसरात्र थोड्या थोड्या अंतराने पाजल्यास गर्भधारणेची शक्यता फार कमी राहते, हे तत्त्व १९८८ मध्ये बेलाजिओ येथील तज्ज्ञपरिषदेने मान्य केले. पाजण्यांतील अंतर वाढले की हे संरक्षण दुबळे होते. अर्थात, श्रमदिनाची रचना दोन बाळंतपणांमधील अंतरावरही परिणाम करू शकते.

उपायाचे एक उदाहरण आपल्याकडील कायद्यातच सापडते. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांच्या देखभालीसाठी एका स्त्रीस नेमून तिला मजुरीच्या दराने वेतन देण्याची तरतूद होती. त्या तरतुदीने पाळणाघर आस्थापनेच्या भिंतींशी न जोडता मुलांच्या संख्येशी जोडले. टोळी हे एकक मानून फडाशेजारी अशी व्यवस्था करणे आणि पाजण्याच्या वेळेचा मोबदला वजनाच्या हिशेबाबाहेर ठेवणे, या दोन गोष्टींवाचून स्तनपानाचा उपदेश ऊसतोड मातेपुरता निष्फळ राहील. नोकरदार मातेला कायद्याने वेळ दिला आहे, तिला स्वच्छ व खासगी जागा हवी. ऊसतोड मातेजवळ मूल आहे, तिला वेळ हवा. जिल्ह्याच्या कोणत्याही मातृपोषण योजनेने हा भेद प्रथम ओळखला पाहिजे.