ठळक अक्षरांत छापलेला टीएसएच

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. हल्ली लॅबच्या तपासणी पॅकेजांमध्ये टी-३, टी-४ आणि टीएसएच हे त्रिकूट हमखास असते. त्यामुळे कसलाही त्रास नसलेल्या माणसालाही एके दिवशी कळते, की आपला टीएसएच ५.८ आहे आणि शेजारी छापलेली वरची मर्यादा ४.५ आहे. पुढचे सारे मग ठरल्यासारखे घडते. ‘मला थायरॉइड निघाला’ असे नातेवाइकांना सांगून होते (थायरॉइड ही ग्रंथी प्रत्येकालाच असते, पण ते असो), रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू होते, आणि ती आता जन्माची सोबतीण असे गृहीत धरले जाते. मर्यादेच्या जरासा बाहेर गेलेला एक आकडा एवढ्या मोठ्या निर्णयाला पुरत नाही, असे माझे म्हणणे आहे. का पुरत नाही हे समजायचे, तर तो आकडा नेमका कशाचा आहे हे आधी पाहायला हवे.

टीएसएच थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून. गळ्यातली थायरॉइड मुख्यत्वे टी-४ आणि थोडा टी-३ तयार करते, आणि रक्तात ते किती आहेत यावर पिट्यूटरी लक्ष ठेवून असते. तिला मुकादम समजा. काम मंदावले की मुकादमाचा आवाज चढतो, काम जास्त होऊ लागले की तो गप्प बसतो. टीएसएच म्हणजे हा आवाज. म्हणून थायरॉइड मंद असताना टीएसएच वाढतो आणि ती अति काम करत असताना जवळजवळ शून्यावर येतो. रिपोर्ट पहिल्यांदाच वाचणाऱ्याला हे उलटे वाटते. हा मुकादम भलताच हळवाही आहे. रक्तातला मोकळा टी-४ निम्म्यावर आला, तर टीएसएच दुपटीने नव्हे, शंभरपटीच्या घरात वाढू शकतो. थायरॉइडचा बिघाड इतर कशाही आधी टीएसएचमध्ये दिसतो तो यामुळेच, आणि पहिली चाचणी म्हणून त्याची निवड योग्यच आहे. पण या हळवेपणाची दुसरी बाजू अशी, की ५.८ हा टीएसएच टी-४ मधल्या अगदी किरकोळ घसरणीनेही येऊ शकतो. टी-४ मर्यादेत आणि टीएसएच थोडा वर, या अवस्थेला डॉक्टर ‘सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम’ म्हणतात. आपला सगळा वाद या पट्ट्यातला आहे.

आता ती मर्यादा. लॅब निरोगी माणसांचे आकडे मांडते आणि मधल्या ९५ टक्क्यांना ‘नॉर्मल’ म्हणते. म्हणजे शंभर निरोगी माणसांतली पाच जण व्याख्येनेच रेषेबाहेर पडणार, त्यांतली दोन-तीन वरच्या बाजूला. शिवाय ही रेषा सगळ्यांना एकच असू नये. वय वाढते तसा टीएसएच सावकाश वर सरकतो, त्यामुळे ऐंशीच्या पुढच्या निरोगी माणसातही तो सहा-सातपर्यंत आढळतो. पण रिपोर्टवर बहुधा विशीच्या मुलाला आणि त्याच्या आजीला तीच मर्यादा छापलेली असते. एकाच माणसाचा आकडाही दिवसभर स्थिर नसतो. तो रात्री उशिरा आणि पहाटे सर्वात जास्त, दुपारी सर्वात कमी असतो. मोठ्या आजारातून उठताना तो काही आठवडे वर राहू शकतो. इस्रायलमधल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचा पहिला टीएसएच ५.५ ते १० च्या दरम्यान होता आणि ज्यांनी औषध घेतले नव्हते, त्यांच्यापैकी ६२ टक्क्यांचा आकडा पुढच्या पाच वर्षांत आपोआप मर्यादेत आला होता. या लोकांना पहिल्याच रिपोर्टवर गोळी दिली असती, तर तिनेच गुण आला असे सगळ्यांनी समाधानाने म्हटले असते.

टी-३ आणि टी-४ च्या रकान्यांतही एक खाच आहे. ही संप्रेरके रक्तात बहुतांशी प्रथिनांना चिकटून फिरतात. शरीराच्या कामी येतो तो मोकळा, म्हणजे ‘फ्री’ भाग. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेताना ही प्रथिने वाढतात, आणि ‘टोटल टी-४’ उगाचच जास्त दिसतो. म्हणून टीएसएच रेषेबाहेर असेल तर ‘फ्री टी-४’ मागून घ्यावा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांचा घोळ वेगळाच. काही यंत्रांच्या चाचणीपद्धतीतच बायोटिन वापरलेले असते, त्यामुळे रक्तातल्या जादा बायोटिनने टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त येतो. थायरॉइड धडधाकट, पण रिपोर्ट अतिकामाचा! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल २०१७ साली इशारा दिला होता. तपासणीआधी निदान दोन दिवस या गोळ्या बंद ठेवाव्यात, आणि लॅबला तसे सांगावेही.

यावर पहिला आक्षेप येतो तो त्रासाचा. थकवा आहे, केस गळतात, वजन वाढते आहे, आणि टीएसएचही जास्त आहे. मग आणखी काय पुरावा हवा? अडचण अशी, की ही लक्षणे हिमोग्लोबिन कमी असण्याची, अपुऱ्या झोपेची, रजोनिवृत्तीची आणि नैराश्याचीही असतात. खऱ्या हायपोथायरॉइडिझममध्ये, म्हणजे थायरॉइड खरोखर मंदावल्यावरसुद्धा, वजन वाढते ते सहसा दोन ते पाच किलो, तेही मुख्यतः साठलेल्या मीठ-पाण्याचे. वीस किलोंचा दोष गळ्यातल्या ग्रंथीवर टाकता येत नाही. गोळीने बरे वाटते का, हेही तपासून झाले आहे. युरोपातल्या चार देशांत ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन (हीच ती रोज सकाळची गोळी) दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. वर्षअखेरीस औषधवाल्यांचा सरासरी टीएसएच ३.६३ वर आला, इतरांचा ५.४८ राहिला, थकवा आणि इतर लक्षणांत मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ती माणसे वयस्कर होती, तरुणांना हे जसेच्या तसे लावता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तिशीतल्या बाईला त्रास फार असेल आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर काही महिने गोळी देऊन पाहण्यात गैर नाही. अट एवढीच, की गुण आला नाही तर ती थांबवण्याची तयारीही हवी.

‘छोटीशी गोळी, घेतली तर बिघडते काय?’ हा दुसरा प्रश्न. डोस जास्त झाला तर बिघडते: हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडे ठिसूळ होतात, आणि दोन्हींचा धोका उतारवयातच जास्त.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे. आज किरकोळ वाटणारे उद्या बळावले तर? आपल्याकडे हा आजार दुर्मीळ नाही. मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणी झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढ हायपोथायरॉइड आढळले, आणि आणखी ८ टक्के सबक्लिनिकल. म्हणूनच वाट पाहायची ती डोळे उघडे ठेवून. इंग्लंडमधल्या व्हिकम भागातल्या स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला गेला. टीएसएच वाढलेला आणि थायरॉइडविरोधी अँटिबॉडीही असलेल्यांत दरवर्षी ४.३ टक्के स्त्रियांना खरा आजार जडला, अँटिबॉडी नसताना २.६ टक्क्यांना. तेव्हा दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी त्याच वेळेला, टीएसएच आणि फ्री टी-४ पुन्हा करावा, सोबत एकदा अँटी-टीपीओ, म्हणजे या अँटिबॉडीची चाचणी. टीएसएच १० च्या वर टिकून असेल तर बहुतेक डॉक्टर औषध सुरू करतात, आणि फ्री टी-४ कमी असेल तर वादच नाही. गरोदर किंवा गर्भधारणेच्या तयारीत असलेल्या स्त्रीच्या आणि नवजात बाळाच्या बाबतीत मात्र थांबू नये. बाळाच्या मेंदूची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असते. ज्यांची गोळी आधीच चालू आहे त्यांनीही हे वाचून ती मनाने सोडू नये. टी-४ चे रक्तातले अर्धे आयुष्य सुमारे सात दिवसांचे असल्याने डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करावी, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी.

आकडा उलट्या दिशेनेही फसवतो. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या काही स्त्रियांची पिट्यूटरीच निकामी होते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अंगावर दूध न येणे आणि पाळी परत सुरू न होणे ही त्याची ओळख. अशा बाईचा टीएसएच ठळक अक्षरांत येत नाही, तो बिनदिक्कत २ किंवा ३ असतो, कारण टी-४ घसरला तरी टीएसएच वाढवण्याची ताकद पिट्यूटरीत उरलेली नसते. तिचा फ्री टी-४ तपासल्याशिवाय काही कळत नाही, आणि कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरकही त्याच वेळी तपासावे लागते. ते कमी असेल तर आधी त्याची भरपाई, मगच थायरॉक्सिन. हा क्रम चुकला तर जिवावर बेतू शकते.