कोन कुठल्या चरणातला?

कॅस्पर वेसेल हा डेन्मार्कमध्ये काम करणारा भूमापक. शेतात उभे राहून मोजायचे ते अंतर आणि दिशा. नकाशावर मात्र बिंदू द्यायचा तो पूर्वेला किती, उत्तरेला किती असा. संमिश्र संख्या म्हणजे प्रतलावरचे दिशायुक्त रेषाखंड, ही मांडणी त्याने १७९७ साली डॅनिश विज्ञान अकादमीपुढे ठेवली. एकाच बिंदूची ही दोन रूपे: अंतर आणि दिशा हे ध्रुवीय, पूर्वेला किती नि उत्तरेला किती हे कार्टेशियन. एकातून दुसऱ्यात कसे जायचे ते पाहू.

ध्रुवीयकडून कार्टेशियनकडे येणे सोपे आहे. अंतराला कोनाच्या कोसाइनने गुणले की आडवा निर्देशक मिळतो, साइनने गुणले की उभा. अंतर ५ आणि कोन १२६.८७ अंश असेल तर कोसाइन −०.६, साइन ०.८, म्हणून बिंदू (−३, ४). कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर, एवढे आधी पाहून घ्यावे.

उलट जाताना विद्यार्थी हमखास अडतात. अंतराला पायथागोरस पुरतो: ९ अधिक १६ म्हणजे २५, वर्गमूळ ५. कोनासाठी उभ्या निर्देशकाला आडव्याने भागून व्यस्त टॅनजंट घेतला, तर कॅल्क्युलेटर −५३.१३ अंश दाखवतो. हा कोन चौथ्या चरणातला, आपला बिंदू दुसऱ्या! कॅल्क्युलेटर चुकलेला नाही. ४ भागिले −३ आणि −४ भागिले ३ ही गुणोत्तरे सारखीच असतात. भागाकार होताच मूळ चिन्हे कोणाची होती ही माहिती पुसली जाते. ती आपणच परत आणायची. आडवा निर्देशक ऋण असेल तर उत्तरात १८० अंश मिळवायचे: −५३.१३ अधिक १८०, म्हणजे १२६.८७. आडवा निर्देशक शून्य असेल तर भागाकारच होत नाही. तिथे बिंदू वर असेल तर ९० अंश, खाली असेल तर −९०. आरंभबिंदूला कोन नसतोच. म्हणून माझा आग्रह असा, की आधी कच्ची आकृती काढावी, मग बटणे दाबावीत.

एवढा खटाटोप कशासाठी? संमिश्र संख्यांची बेरीज कार्टेशियन रूपात झटकन होते, पण गुणाकाराला ध्रुवीय रूपासारखे दुसरे काही नाही: अंतरांचा गुणाकार करायचा, कोनांची बेरीज. आपला बिंदू (−३, ४) म्हणजे −३ + ४आय ही संख्या; तिचा सहावा घात कंस सोडवत काढणे जिकिरीचे. ध्रुवीय रूपात अंतर ५ चा सहावा घात, १५६२५. कोन सहापट, ७६१.२२ अंश. त्यातून दोन पूर्ण फेऱ्यांचे ७२० वजा केले की ४१.२२ उरतात. परत कार्टेशियन रूपात आणल्यावर ११७५३ + १०२९६आय. सुरुवातीला −५३.१३ घेतले असते, तरी सहाव्या घाताला नेमके हेच उत्तर आले असते, कारण १८० ची सहापट म्हणजे तीन पूर्ण फेऱ्या. पाचव्या घाताला मात्र दोन्ही चिन्हे उलटी पडली असती.

संगणकात ॲटॅन२ हे फंक्शन दोन्ही निर्देशक वेगवेगळे घेते, म्हणून चरण बरोबर ओळखते. फक्त क्रम तपासा: पायथनमध्ये आधी उभा निर्देशक द्यावा लागतो, एक्सेलमध्ये आधी आडवा.