नातीच्या वयाची सायकॉलॉजिस्ट

वृद्धांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणातलं इंटर्नशिपचं वर्ष या आठवड्यात घ्यायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या भागात. न्यू जर्सीत मुलाकडे राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. पत्नी गेल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. डॉक्टरांनी समुपदेशनासाठी पाठवलं, तर समोर पीएच.डी. करणारी पंचविशीतली मुलगी. ‘माझ्या नातीएवढी पोर. तिला मी काय सांगणार, आणि त्यातलं तिला काय कळणार?’ असं ते विचारतात.

प्रश्न रास्त आहे. मुलांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ कधीकाळी मूल होता. वृद्धांवर उपचार करायला शिकणाऱ्याने मात्र ते वय पाहिलेलंच नसतं. २००६ साली कोलोरॅडो स्प्रिंग्जला वृद्धांच्या मानसशास्त्राच्या शाखेतली मंडळी जमली आणि प्रशिक्षणाचा आराखडा ठरला. जवळच्या डोंगरावरून त्याला ‘पाइक्स पीक मॉडेल’ म्हणतात. स्मृतीच्या चाचण्या, आजार आणि औषधांचे मनावरचे परिणाम, कुटुंबाशी आणि डॉक्टरांशी बोलणं हे सगळं त्यात आहे. पण वृत्तीलाही तितकंच स्वतंत्र स्थान आहे. म्हातारपणाबद्दलच्या कोणत्या समजुती आपण घरून घेऊन आलो, हे विद्यार्थ्याने तपासायचं.

त्या समजुतींमध्ये सर्वांत अवघड मला वाटतो तो आदर. तुच्छता सुपरव्हायझरला लगेच ऐकू येते. मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं बोलणारी विद्यार्थिनी सत्राच्या रेकॉर्डिंगवर सापडतेच. आदर मात्र गप्प बसवतो. समोरच्यात स्वतःचे आजोबा दिसू लागले की दारूबद्दल, शरीरसुखाबद्दल, मरावंसं वाटतं का याबद्दल विचारायला जीभ रेटत नाही. अमेरिकेत आत्महत्येचं प्रमाण सर्वाधिक आहे ते पंचाहत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत. तिथे संकोचापायी न विचारलेला प्रश्न जिवावर बेतू शकतो. म्हणून मान राखूनही स्पष्ट विचारायचं कसं, याचा सुपरव्हायझर अक्षरशः सराव करून घेतात. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे वर न बोलण्याचे संस्कार इतके खोल आहेत, की हा सराव मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्याला किती जड जात असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

उलट बाजूही आहेच. कोणी आजी चॉकलेट घेऊन येते, लग्नाचं काय ठरलं म्हणून विचारते. वृद्धांच्या मानसोपचारावर आयुष्यभर काम केलेले बॉब नाइट यांनी याकडे नीट पाहायला शिकवलं. थेरपिस्टमध्ये वृद्ध व्यक्तीला कधी नात दिसते, कधी अबोला धरलेली मुलगी. ते हसण्यावारी नेऊ नये. दिसणारं माणूस कोण, यातूनच पुढची वाट सापडते.

आता वयाचं. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी जीवनाच्या फेरआढाव्यावरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला तो १९६३ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. म्हातारी माणसं जुनं उगाळतात ते मेंदू थकल्याचं लक्षण, असं तेव्हा डॉक्टरही मानत. बटलर म्हणाले, मृत्यू जवळ आल्याच्या जाणिवेतून माणूस आपलं आयुष्य पुन्हा तपासत असतो आणि हे काम स्वाभाविक आहे. पुढे वयावरून होणाऱ्या भेदभावाला ‘एजिझम’ हे नाव दिलं तेही त्यांनीच. तुमच्याच न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडला आजी-आजोबांनी त्यांना वाढवलं होतं. म्हातारे नसतानाही त्यांना हे उमगलं, कारण ते ऐकत बसले.

तेव्हा काका, पुढच्या भेटीत तिला सरळ सांगा : ‘तू फार लहान आहेस, तुझ्याशी हे बोलायला मला अवघड वाटतं.’ ती दुखावली जाणार नाही. हे वाक्य कानावर पडणार, हे गृहीत धरूनच तिला शिकवलेलं असतं. आणि झोपेबद्दल सांगाल तेव्हा पत्नीबद्दलही सांगा. ते ती विचारणारच आहे.

इंटर्नशिप, आणि त्यात माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा एवढा मोठा वाटा का, हे पुढच्या आठवड्यात.